एकशे सतरा नंबरनं सही केली नाही

एका मुलीनं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून, नाव न घालता, आयुष्यातली सगळ्यांत लाजेची गोष्ट कागदावर लिहून दिली, आणि तुम्ही तो कागद दीडशे पोरांसमोर मोठ्यानं वाचलात, तर तुम्हाला डॉक्टर म्हणायचं की आणखी काही?

हा प्रश्न मला एका माणसाला तोंडावर विचारायचा होता. त्या दिवशी जीभ हलली नाही. म्हणून आता तुम्हाला विचारते आहे.

दुपारचे दोन. लेक्चर हॉल. वर्ध्याचा एप्रिल, पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. पुढे आमचे विभागप्रमुख सर. त्यांच्या बाजूला पल्लवी मॅडम, एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टर. पडद्यावर त्यांच्या प्रबंधाचा विषय होता: मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा लहानपणी झालेला छळ आणि त्यांच्या मनात येणारे आत्महत्येचे विचार. हे विद्यार्थी म्हणजे आम्हीच. महिन्याभरापूर्वी आमच्याकडूनच फॉर्म भरून घेतले होते. तो गठ्ठा टेबलावर पडला होता.

सरांनी गठ्ठ्याच्या मधून एक फॉर्म उपसला. चष्मा सारखा केला. वाचला.

"आठ वर्षांची असताना मला ओली गोधडी डोक्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. सगळी शाळा बघायची. अजूनही कधीकधी वाटतं, सकाळी उठूच नये."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं.

"हसू नका, हसू नका. सिरियस डेटा आहे हा." असं म्हणून सर स्वतःच हसले. मग चष्म्यावरून वर पाहिलं. "एकशे सतरा. उभी राहा."

मी उभी राहिले. नंबर पुकारला की उभं राहायचं, हे माझ्या हाडात भरलेलं आहे.

"तुझंच ना हे?"

मी बाकाची कड धरली.

"अगं, गोधडी भिजली म्हणून कुणी मरतं का? आमच्या मास्तरांनी आम्हाला फोडून काढलं. बघ, कुठं पोचलो. तुम्हा लोकांना सीट मिळते, कणा मिळत नाही. बस खाली."

मी बसले. पुढची स्लाइड आली.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही सुटाल. म्हणाल, त्या एका ठिकाणी असं होतं.

माझं गाव आष्टी तालुक्यात, जंगलाला लागून. आम्ही गोंड. बाबा वनखात्याच्या रोजंदारीवर जातो. उन्हाळ्याआधी वणवा अडवायला जाळरेषा काढतो, पावसाळ्यात रोपं लावतो. माय तेंदूपत्ता तोडते. घरात आम्ही गोंडी बोलतो. सात वर्षांची असताना मला आश्रमशाळेत घातलं. बाबा फाटकाजवळ उभा होता आणि मी आत चालत गेले. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पळत सुटले असते.

पहिल्या महिन्यातच मी झोपेत अंथरूण ओलं करायला लागले. आज मला माहीत आहे की घरापासून तुटलेल्या, घाबरलेल्या लेकराला हे होतं. पुस्तकात अर्धं पान आहे त्यावर. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मी घाण आहे.

मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. सकाळी प्रार्थना झाली की त्या ओसरीवर खुर्ची टाकून बसायच्या आणि विचारायच्या, "हं, आज कोणाचं ओलीत झालं?"

आमच्याकडे शेताला पाणी देणं म्हणजे ओलीत. बाईंचा हा विनोद रोजचा होता आणि रोज नव्यानं हसू यायचं. मुलींना यायचं, मुलांना यायचं, स्वयंपाकीण बाईला यायचं. मग मी गोधडी घडी करून डोक्यावर घ्यायची आणि झेंड्याच्या खांबाभोवती पाच फेऱ्या. थंडीत गोधडीतून गार पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. सगळी शाळा ओळीत उभी. माझ्या फेऱ्या संपल्याशिवाय कुणाला नाश्ता नाही. ही बाईंची युक्ती. त्यामुळे मला नुसती शिक्षा नव्हती, दोनशे भुकेल्या पोरांचा रागही होता. "चाल वं लवकर, मुतरे," असं ओरडायची पोरं. मीही त्यांच्यासारखीच भुकेली होते.

मी दुपारनंतर पाणी प्यायचं बंद केलं. जीभ टाळूला चिकटायची. उन्हाळ्यात एकदा चक्कर येऊन पडले. मोठ्या बाई म्हणाल्या, "नाटकं."

दिवाळीला घरी गेले तेव्हा मायला सांगितलं. तिनं माझी वेणी सोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "तुह्या बाबाले सांगू नोको. तो तुले काढून आणन. मंग शिकशीन कुठं?" मायवर मला राग नाही. तिच्यासमोर दोनच वाटा ठेवलेल्या होत्या आणि दोन्ही दुसऱ्यांनी आखलेल्या होत्या. माझा राग वाटा आखणाऱ्यांवर आहे.

मी बाबाला सांगितलं नाही. चार वर्षं फेऱ्या मारल्या. पाचवीत असताना एका सकाळी खांबाभोवती फिरताना मनात आलं, मीच नसते तर गोधडी भिजली नसती, पोरं उपाशी राहिली नसती. अकरा वर्षांच्या मुलीचा हिशेब. पण तो डोक्यातून कधी पुसला गेला नाही. पुढे प्रत्येक अडचणीला तेच उत्तर यायला लागलं. मी नसते तर बरं.

ते उत्तर घेऊनच मी मेडिकलला आले.

प्रवेशाची यादी भिंतीवर लागली होती आणि माझ्या नावापुढे दोन अक्षरं होती. एसटी. पहिल्या आठवड्यात मला कितीजणांनी विचारलं, "नीटला स्कोर किती?" हा प्रश्न नसतो. ती झडती असते. मी आकडा सांगायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर समाधान उतरताना पाहायचे. शवविच्छेदनाच्या टेबलावर एकानं माझं नाव फॉरेस्ट ठेवलं. "ए फॉरेस्ट, तुमच्याकडं पोरांना शाळेत सोडायला वाघ येतो का गं?"

माझ्या शेजारी देवळीची रोहिणी उभी होती. तिच्या वडलांचं तिथं भांड्यांचं दुकान आहे. भांडी विकणाऱ्याच्या घरात वाढलेली, आवाजही तसाच खणखणीत. ती हातमोजे न काढताच म्हणाली, "येते ना. कालच तुले इचारत होता. लय चरबी हाय म्हणे त्या पोट्ट्याच्या अंगावर, पाठवजो इकडं."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. तोही हसला, बळेच. त्या दिवसापासून रोहिणी माझी मैत्रीण. आम्ही होस्टेलला एकाच खोलीत राहतो.

पण रोहिणी प्रत्येक टेबलावर नव्हती. पहिल्या वर्षी माझा बायोकेमिस्ट्रीचा पेपर राहिला, दुसऱ्या खेपेला निघाला. निकालाच्या दिवशी एका प्राध्यापिकेनं शांतपणे सांगितलं, "एखाद्या होतकरू मुलाची जागा अडवतो आहोत, याची जाणीव ठेवावी माणसानं." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी जिना उतरत होते आणि प्रत्येक पायरीला डोक्यात तेच. मी नसते तर बरं.

मग तो फॉर्म आला.

लेक्चर संपल्यावर पल्लवी मॅडम आल्या. आवाज मऊ. "नाव लिहू नका. रोल नंबर लिहू नका. कुणाचा कोणता फॉर्म, मलाही कळणार नाही. मोकळेपणानं लिहा." त्याच हॉलमध्ये काही दिवसांपूर्वी विभागप्रमुख सरांनी आम्हाला शिकवलं होतं की संशोधनात माहिती देणाऱ्याची ओळख उघड करणं हा गुन्ह्यासारखाच प्रकार आहे. मी वहीत ते वाक्य खाली रेघ ओढून लिहून घेतलं होतं.

चार पानी फॉर्म. लहानपणी सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांनी मारलं का, अपमान केला का, उपाशी ठेवलं का. पुढे चार चौकटी: कधीच नाही, कधीकधी, अनेकदा, नेहमी. शेवटच्या पानावर, जगणं नको असं वाटलं का. आणि अगदी खाली तीन रिकाम्या ओळी. काही सांगायचं असल्यास.

मला आजवर कुणी हे विचारलेलं नव्हतं. घरी नाही, शाळेत नाही, देवळात नाही, दवाखान्यात नाही. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तेही छापील अक्षरात. मी खरं लिहिलं. तिन्ही ओळी भरल्या. लिहून झाल्यावर छाती हलकी झाली होती. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी पल्लवी मॅडमचे पाय धरावेसे वाटले.

आता नीट ऐका. आमच्या कॉलेजात काहीही जमा करायचं तर नंबरवार. जर्नल असो, ट्यूटोरियल असो, सहलीचं संमतीपत्र असो. नंबरवार नसेल तर विभागातला क्लार्क गठ्ठा परत फेकतो. त्या दिवशी सरांनी सांगितलं होतं की फॉर्म दिला तरच हजेरी लागेल. म्हणून वर्गप्रतिनिधी सवयीनं ओरडला, "नंबरवार द्या रे!" आणि दीडशे हुशार पोरं, शाळेपासून पहिल्या रांगेत बसलेली, सवयीनं नंबरवार लागली. एकशे सोळानं त्याचा फॉर्म माझ्या हातात दिला. मी त्याच्याखाली माझा लावला. एकशे अठरानं माझ्याखाली तिचा.

नाव नाही, नंबर नाही. तरी प्रत्येकाची जागा ठरलेली. वरून मोजा, एकशे सतराव्या ठिकाणी मी.

मी स्वतःच्या हातानं लावला तो कागद. दीडशेपैकी एकालाही खटकलं नाही. आम्हाला विचार करायला शिकवलेलंच नाही, जमा करायला शिकवलंय.

पल्लवी मॅडमनी आकडे भरून घेतले आणि गठ्ठा जसाच्या तसा सरांकडे दिला. सरांनी हजेरी लावण्यासाठी तो मोजला. मोजता मोजता वाचला. वाचता वाचता त्यांना करमणूक सापडली. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

त्यानंतरचे तीन दिवस मी खोलीबाहेर पडले नाही. मेसमध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे की तिच्या खालच्या पलंगावर झोपू नका. त्या तीन दिवसांत माझ्या मनात काय काय आलं, ते मी इथं लिहिणार नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याची करमणूक करायला मी बसलेली नाही. एवढंच सांगते की तो अकरा वर्षांच्या मुलीचा हिशेब पुन्हा मांडला गेला आणि या वेळी मला त्यात चूक सापडेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी रोहिणीनं माझ्या पलंगावरची पुस्तकं खाली सरकवली आणि समोर मांडी घालून बसली.

"काऊन वं, जेवाले येऊन नाई राह्यली?"

"भूक नाही."

"भूक गेली चुलीत. सरळ सांग मले. मराचं हाय का डोस्क्यात तुह्या?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. फॉर्मनंसुद्धा नाही. मी म्हणाले, "हो."

ती दचकली नाही. देव आठव म्हणाली नाही, आईबापाचा विचार कर म्हणाली नाही. "बरं," म्हणाली. "मंग मी इथंच बसतो. आज वार्डातलं पोस्टिंग गेलं खड्ड्यात."

आणि खरंच बसली. संध्याकाळी तिनं आईला फोन लावला आणि मला देवळीला घेऊन गेली. तिची आई मला ओळखत नव्हती. ताटात भाकर वाढली, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रोहिणी मला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात घेऊन गेली. आमच्या कॉलेजच्या नाही. तिथल्या डॉक्टर बाईंनी सगळ्यांत आधी उठून दार लावलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली. तेव्हा मला कळलं की विचारणं आणि उघडं करणं यांत किती अंतर आहे. एका दाराएवढं.

त्या बाईंकडे मी आजही जाते. औषध घेते. यात मला लाज नाही. लाज वाटायची असेल तर ती दुसऱ्या कुणाला वाटू दे.

मी दवाखान्याची चिठ्ठी रजेच्या अर्जाला जोडली. चार दिवसांत विभागातून बोलावणं आलं. पालकांना घेऊन या.

बाबा आर्वीला गाडी बदलून आला. धुतलेला पांढरा शर्ट, पायात जोडे. अकराला आम्ही सरांच्या केबिनमध्ये होतो. पल्लवी मॅडम कपाटाजवळ उभ्या. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या. बस म्हणून कुणी म्हणालं नाही. बाबा उभा राहिला. मीही.

सरांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. हमीपत्र. मी वाचलं. माझ्या पाल्यास मानसिक आजार असून आम्ही तिला स्वेच्छेने एक वर्षासाठी घरी नेत आहोत. या काळात वा त्यानंतर तिच्या जिवाचे काही बरेवाईट झाल्यास कॉलेज, विभाग वा कोणताही अध्यापक जबाबदार राहणार नाही. खाली दोन जागा. पालकाची सही. विद्यार्थिनीची सही.

तो कागद मला बरं करण्यासाठी नव्हता. मी मेले तर त्यांचे हात कोरडे राहावेत म्हणून होता.

"काका," सर म्हणाले, "पोरीच्या डोक्याचं काही खरं नाही. हा ताण तिला झेपणारा नाही. घरी न्या, आराम करू दे. लग्नाचं वय आहे, बघा काहीतरी. इथं सही करा."

बाबानं कागद हातात घेतला. तो सातवीपर्यंत शिकलेला आहे, सावकाश वाचतो. वाचून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गोंडीत विचारलं, हे स्वेच्छेनं म्हणजे कुणाच्या इच्छेनं?

मी त्याला गोंडीत सांगितलं. सगळं. फॉर्म, नंबर, हॉल, हसणं. आणि त्याच्या आधीचंही. गोधडी, खांब, पाच फेऱ्या, चार वर्षं. तेरा वर्षं जे त्याच्यापासून लपवलं होतं, ते मी त्या केबिनमध्ये, त्या दोन रिकाम्या खुर्च्यांच्या मागे उभी राहून सांगितलं. बाबाचा चेहरा हलला नाही. त्यानं हातातल्या कागदाची घडी घातली.

"मराठीत बोला, मराठीत," सर म्हणाले. "हे काय चाललंय?"

बाबानं मान वर न करता सांगितलं, "थांबा साहेब. माही पोरगी बोलून राह्यली."

त्या माणसाला त्याच्या केबिनमध्ये थांबा म्हणणारं बहुधा कुणी भेटलेलं नसावं. माझं सांगून झालं. मग बाबानं विचारलं, "साहेब, तुमी हिले पोरायसमोर उभं केलं, तिचं लिवलेलं वाचून दाखवलं, ते या कागदावर कुठं हाय?"

"तो विषय वेगळा आहे."

"मंग वेगळा कागद काढा. त्याच्यावर तुमची सही घ्या. मंग मी माही करतो."

सरांचा चेहरा लाल झाला. ते आता बाबाशी नाही, माझ्याशी बोलायला लागले. "हे बघ, मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. सही कर. नाही तर टर्म भरणार नाही तुझी. परीक्षेला बसायचं विसर."

मी घाबरले होते. हे लपवत नाही. शूर माणसासारखं मला काही वाटलं नाही. पण मी पहिल्यांदाच त्या माणसाच्या डोळ्यांत भीती पाहिली. तो मला घाबरला नव्हता. मी मेले तर होणाऱ्या चौकशीला घाबरला होता. जिवंत असताना मी विनोद. मेल्यावर मी अडचण. म्हणजे या माणसाच्या लेखी मी जिवंत अशी कुठंच नव्हते. आणि मी तर समोर उभी होते, घाम आलेली, भूक लागलेली.

"सर, मी सही करणार नाही," मी म्हणाले. "मी घरीही जाणार नाही. उद्या सकाळी मी पोस्टिंगला येणार आहे."

"आणि काही झालं तर?"

"माझ्या जिवाची काळजी कशी घ्यायची ते माझे डॉक्टर आणि मी बघतो आहोत. तुमच्याकडून मला एकच लेखी हवं. तो गठ्ठा तुम्ही पुन्हा उघडणार नाही."

"बाहेर हो."

आम्ही बाहेर झालो. बाबानं हमीपत्र टेबलावर ठेवलं, सहीच्या जागा कोऱ्याच.

व्हरांड्यात पल्लवी मॅडम मागून धावत आल्या. डोळे भरलेले. "मी तो गठ्ठा विस्कटायला हवा होता. माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मला माफ कर."

"माफी तोंडी नको मॅडम. लिहून द्या की सरांनी वाचून दाखवलं. तुम्ही तिथंच होतात."

त्यांनी खाली पाहिलं. "माझी डिग्री त्यांच्या सहीवर आहे."

प्रत्येकाच्या गळ्याशी कुणाची तरी सही आहे इथं. त्यांनी अजून लिहून दिलेलं नाही. मी वाट बघत नाही.

जिन्याच्या पायरीवर बसून मी तक्रार लिहिली. दीड पान. कोणत्या तासाला, कोणत्या हॉलमध्ये, कोणते शब्द. विशेषण एकही घातलं नाही. शब्दच पुरेसे होते. कार्यालयाच्या आवक खिडकीवर दिली. खिडकीमागच्या बाबूंनी वाचली, पुन्हा वाचली, मग हळू आवाजात म्हणाले, "बेटा, इचार करून घे. तोंडी परीक्षेले तेच बसतेत."

"पोच द्या काका."

त्यांनी शिक्का मारला. जरा जोरातच मारला असं मला वाटलं.

हे सगळं झालं म्हणून काही जिंकलेलं नाही. चौकशी समिती नेमली आहे. तिच्यात सरांचे दोन मित्र आहेत. सर शिकवतात, हजेरी घेतात. माझ्या नंबरावरून पटकन पुढे जातात, नजर वर न करता. काही प्राध्यापक मला समजावतात की तक्रार मागे घे, करिअर आहे पुढे. वर्गातला एक गट म्हणतो की कॉलेजची बदनामी झाली. बदनामी मी केली म्हणे.

पण एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. त्या तक्रारीनंतर माझ्याकडे वर्गातली तीन मुलं आली. वेगवेगळी, एकेकटी. एक मुलगा तर डॉक्टरांच्या घरातला, ज्याच्या बापाच्या बंगल्याचे फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्याचा बाप त्याला मार्कांवरून पट्ट्यानं मारत असे, बारावीपर्यंत. तिघांनीही सांगितलं की जगू नये असं त्यांनाही वाटतं. मी विचारलं, फॉर्मवर काय लिहिलं होतं? तिघांनीही एकच खूण केली होती. कधीच नाही.

म्हणजे त्या दिवशी पडद्यावर रंगीत चौकोनांत जे दाखवलं जात होतं, ते खोटं होतं. ज्यांना सर्वांत जास्त बोलायची गरज होती त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं, कारण ते माझ्यापेक्षा शहाणे होते. अशी जागा त्यांच्या ओळखीची होती. आणि जिनं विश्वास ठेवला तिला उभं करून बाकीच्यांना धडा दिला गेला. पुढच्या वर्षी फॉर्म आला तर 'कधीच नाही'चे रकाने आणखी भरतील, आणि सर परिषदेत जाऊन सांगतील की आमच्याकडे सगळं छान आहे.

त्या डॉक्टरांच्या पोराला मी डॉक्टर बाईंच्या दारापर्यंत सोडून आले. दार आतून लागल्याचा आवाज ऐकला, मग परत फिरले.

माझं ठरलं आहे. मी इथून जाणार नाही. सीट सोडणार नाही. ती कुणाची अडवलेली नाही, माझी आहे. टर्म अडवली तर अनुसूचित जमाती आयोगाकडे जाईन, तिथं नाही ऐकलं तर कोर्टात. तोंडी परीक्षेला तो माणूस समोर बसला तर त्याच्या डोळ्यांत बघून उत्तरं देईन. ज्या दिवशी वाईट वाटेल त्या दिवशी रोहिणीला सांगेन, डॉक्टर बाईंकडे जाईन, रांगेत बसेन. जगेन. कुणाला बरं वाटावं म्हणून नाही. मी माफ करणार नाही. विसरणार नाही. मोठ्या बाईंना नाही, सरांना नाही, हसणाऱ्यांना नाही.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही आई असाल, बाप असाल, मामा असाल, होस्टेलला राहणारं कुणी असाल, कधीतरी एखादं कॉलेज तुमच्यासमोर असा टाइप केलेला कागद सरकवील आणि म्हणेल, हिला घरी न्या, आम्ही जबाबदार नाही. साहेब घाईत असतील. पेन उघडून हातात देतील.

सही करू नका. आपल्या पोरीला खुर्चीवर बसवा, तिच्या शेजारी बसा, आणि सगळ्यांसमोर तिला विचारा की काय झालं. तिचं बोलून होईपर्यंत कुणालाही मध्ये बोलू देऊ नका. आणि त्या दिवशी, काहीही झालं तरी, तिला एकटी सोडू नका.